काटकसर कोठें करावी ?

“आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ती आपल्याच घरास लागू पडत असेल, अशी शंका फारच थोड्यांस येते. दळणारें बिचारें मन लावून दळत असतें. पीठ पुरत नाहीं म्हणून आपल्याच वाट्याची भाकरी अर्धी करितें. आणि जात्यापलीकडे बसलेलें कुत्रें सुखानें खात राहतें. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरीं हा प्रकार आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. तेथें दळण विजेचें होतें, आणि जी भाकरी अर्धी झाली होती ती त्या मुलीच्या झोपेची. घरांत वीज, गॅस, सर्पण यांचा जो खर्च होतो, त्याची बचत कोठें व कशी करावी हें त्या अनुभवाच्या आधारें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. तो विद्यार्थ्यांसाठीं जितका आहे, तितकाच त्यांच्या आईवडिलांसाठींही आहे.

ही मुलगी नववीच्या वर्गांतील. अभ्यासांत चांगली, स्वभावानें शांत. परंतु होळी झाल्यावर थोड्याच दिवसांत पहिल्या तासालाच तिचे डोळे मिटूं लागले. आम्ही तिला दोन वेळां टोंचून बोललों. तिसऱ्या वेळीं सर्व वर्गादेखत उभें केलें. तिनें कांहीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तिचे वडील शाळेंत आले. ते एका कारखान्यांत रोजावर काम करितात. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून ते आले होते. ते म्हणाले, “सर, पोरीला बोलूं नका. आमच्या घरावर पत्रे आहेत. मध्यरात्र उलटेपर्यंत घर तव्यासारखं तापलेलं असतं. आणि दहा वाजले की पंखा मीच बंद करतो. गेल्या महिन्याचं बिल बघून पोटांत गोळा आला. कुठंतरी काटकसर करायलाच हवी ना ?”

आम्हांस आपल्या शब्दांची लाज वाटली. परंतु त्या गृहस्थाचें शेवटचें वाक्य आमच्या मनांत घोळत राहिलें. काटकसर केली पाहिजे हें खरें. पण ‘कुठंतरी’ या शब्दांतच सारी चूक आहे. जो खर्च डोळ्यांस दिसतो व कानांस ऐकूं येतो तो माणूस प्रथम कापतो. पंखा फिरतांना दिसतो, दिवा जळतांना दिसतो; म्हणून त्यांच्यावरच कुऱ्हाड पडते. मोजल्यावांचून केलेली काटकसर बहुधा चुकीच्या जागीं पडते, आणि घरांत जो सर्वांत कमी बोलतो त्याच्या वाट्यास येते.

त्या शनिवारीं दुपारीं आम्ही एक पेन्सिल, वही व घड्याळ घेऊन त्यांच्या घरीं गेलों. विजेचा हिशेब समजण्यास दोनच शब्द पुरे आहेत : वॉट आणि युनिट. एखादें उपकरण किती झपाट्यानें वीज खातें तें वॉटवरून कळतें. एकंदर किती खाल्ली तें युनिटावरून. १००० वॉटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट होतें. छताचा जुना पंखा सुमारें ७५ वॉटचा असतो. तो रात्रीं आठ तास फिरला तर ६०० वॉट-तास, म्हणजे ०.६ युनिट वीज लागते. महिन्याकाठीं १८ युनिटें.

आतां मीटरकडे वळूं. हल्लींच्या मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो, आणि तो किती वेळां लुकलुकला म्हणजे एक युनिट होतें, तो आंकडाही तेथेंच छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. अशा मीटरवर दिवा एका मिनिटांत किती वेळां लुकलुकतो तें मोजावें, त्या संख्येस ६० नें गुणावें व ३२०० नें भागावें. त्या क्षणीं घरांत किती किलोवॉट वीज वाहत आहे तें कळतें. मीटरास किंवा तारांस हात लावण्याचें मुळींच कारण नाहीं. दूर उभें राहून पाहिलें म्हणजे झालें.

आम्हीं घरांतील सर्व बटणें बंद करविलीं आणि केवळ पंखा चालूं ठेविला. दिवा मिनिटास चार वेळां लुकलुकला : ४ × ६० ÷ ३२००, म्हणजे ०.०७५ किलोवॉट, अर्थात् ७५ वॉट. हिशेब जुळला. मग पंखा बंद करून स्वयंपाकाच्या जागेंतील फ्रिज चालूं केला. दिवा आठ वेळां लुकलुकला. म्हणजे १५० वॉट. यांतही विशेष कांहीं नव्हतें. विशेष हें कीं, तास उलटला तरी त्या फ्रिजची घरघर थांबेना. निरोगी फ्रिज कांहीं वेळ चालतो व कांहीं वेळ विसावतो. हा दिवसांतले वीस तास चालत असावा असें घरच्यांच्या सांगण्यावरून दिसलें. वीस तास धरिले तर दिवसास तीन युनिटें झालीं. म्हणजे मुलीच्या रात्रभरच्या पंख्याच्या पांचपट. पीठ खाणारें कुत्रें सांपडलें.

फ्रिज थंडी निर्माण करितो असा समज आहे, तो बरोबर नाहीं. विहिरीचें पाणी मोटेनें उपसावें, तशी तो आंतली उष्णता उपसून बाहेर टाकितो. या फ्रिजच्या दाराचें रबर तडकलें होतें. त्यामुळें बाहेरची ऊष्ण हवा सारखी आंत झिरपत होती, आणि उपसलेलें पाणी पुन्हा विहिरींत पडावें तसें चाललें होतें. शिवाय तो तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीस घट्ट चिकटून उभा होता. बाहेर टाकलेल्या उष्णतेस जाण्यास वाट नव्हती. दारांत कागदाची एक पट्टी धरून दार लावावें. पट्टी सहज सरकून आली तर रबर गेलें असें समजावें. ही परीक्षा प्रत्येकास घरीं करितां येईल. रबर बदलणें व फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढें ओढणें, हा खर्च नवा फ्रिज घेण्याच्या मानानें अगदींच थोडा आहे.

परंतु एवढ्यानें त्या मुलीस झोप येणार नव्हती. खरा शत्रु डोक्यावर होता. उन्हाळ्यांतील निरभ्र दुपारीं सपाट छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर सूर्य सुमारें १००० वॉट ऊर्जा ओततो. वीस चौरस मीटरांचें छप्पर म्हटलें तर वीस हजार वॉट. म्हणजे पाणी तापविण्याचे दोन हजार वॉटचे दहा गीझर एकदम छपरावर चालूं ठेवावे तसें झालें. ही सर्व उष्णता घरांत उतरते असें नाहीं. बरीच वाऱ्यानें उडून जाते. तरी गंजलेला, काळपट पत्रा तिच्यांतील बहुतेक भाग प्रथम गिळतो आणि मग निखाऱ्याप्रमाणें खालीं फेंकीत राहतो. पंख्याची हवा गरम लागते ती यामुळेंच.

यावर सर्वांत स्वस्त उपाय आपल्या आजोबांच्याही ओळखीचा आहे, आणि तो म्हणजे पांढरा चुना. काळा रंग ऊन गिळतो व पांढरा परत फेंकतो, हें आपण वर्गांत शिकतों. परंतु परीक्षा झाली कीं विसरतों. अहमदाबाद शहरानें २०१३ साली उष्णतेच्या लाटेविरुद्ध योजना आंखली, व पुढें २०१७ पासून गरिबांच्या घरांचीं छपरें पांढरीं करण्याचें काम हातीं घेतलें. तेलंगण राज्यानें २०२३ मध्यें शीतल छपरांविषयीं स्वतंत्र धोरणच जाहीर केलें. पत्र्यावर नुसता चुना टिकत नाहीं. म्हणून त्यांत चिकटपणासाठीं डिंक किंवा तत्सम कांहीं मिसळतात. पावसाळ्यांत तो बराचसा धुऊन जातो हें खरें. पण तोंपर्यंत उन्हाळाही सरलेला असतो. मात्र छपरावर मुलांनीं चढूं नये. सिमेंटचे पत्रे तर मोठ्यांच्या वजनानेंही फुटतात. जाणत्या माणसाकडूनच हें काम करून घ्यावें.

दुसरा उपाय पत्र्याखालीं बांबूचे तट्टे बांधण्याचा. पत्रा व तट्टा यांमध्यें हवेचा एक थर राहतो. ही हवा दोन्ही टोंकांस वाहती ठेविली म्हणजे तापलेली हवा बाहेर जाते. आणि पत्र्याची धग अंगावर न पडतां तट्ट्यावर पडते. देशावरील जुन्या धाब्याच्या घरांचें मर्म हेंच होतें. जाड मातीचें छप्पर व दीडदोन फूट रुंदीच्या भिंती यांतून उष्णतेस आंत येण्यास इतका वेळ लागतो कीं, ती पोंचेपर्यंत बाहेर रात्र पडून गारवा आलेला असतो. आजच्या सिमेंटच्या पातळ स्लॅबमधून ती तीनचार तासांतच उतरूं लागते. दुपारचें ऊन बरोबर संध्याकाळीं व रात्रीं, म्हणजे आपण घरीं येऊन अंथरूण घालतों तेव्हां, खोलींत येतें. स्लॅबच्या घरांत राहणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें आणि गच्चीस पांढरा रंग द्यावा.

खिडक्यांचेंही असेंच एक शास्त्र आहे. दुपारीं बाहेरची हवा घरापेक्षां गरम असते. तेव्हां दारें-खिडक्या लावून घ्याव्या. रात्रीं व पहाटे बाहेरची हवा थंड असते; तेव्हां समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या. पुष्कळ घरांत याच्या नेमकें उलट चालतें. पश्चिमेच्या खिडकीस पडदा आंतून लावण्यापेक्षां चीक, ताटी किंवा साधें गोणपाट बाहेरून लावणें कितीतरी गुणकारी असतें. आंतल्या पडद्यापाशीं ऊन पोंचतें तेव्हां तें कांचेंतून आंत आलेलेंच असतें. चोर घरांत शिरल्यावर दार लावण्यासारखें तें आहे. आणि पश्चिमेस कडुनिंबाचें एक झाड लावितां आलें तर त्यासारखा विनामूल्य नोकर नाहीं.

पंख्याविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पंखा खोली थंड करीत नाहीं. तो अंगावरचा घाम सुकवून माणसास थंड करितो. म्हणून रिकाम्या खोलींत फिरणारा पंखा निव्वळ वाया जातो, आणि माणूस झोंपलेल्या खोलींत बंद केलेला पंखा ही खोटी काटकसर होय. पंखा जुना झाला तर नव्या बी.एल.डी.सी. मोटारीचा पंखा पाहावा. तो तेवढाच वारा सुमारें ३० वॉटमध्यें देतो. दिवसास पंधरा तास चालणाऱ्या पंख्यावर महिन्यास सुमारें २० युनिटें वांचतात.

कोरड्या हवेंत पाण्याचें बाष्पीभवन मोठें काम करितें. एक लिटर पाणी सुकतांना जी उष्णता शोषून घेतें ती सुमारें दोन तृतीयांश युनिट विजेइतकी असते. वाळ्याच्या ताटींत, मातीच्या माठांत व विदर्भांतील घरोघरच्या कूलरांत हाच गुण आहे. कोंकणांत मात्र हवाच ओलसर असल्यानें कूलरचा उपयोग होत नाहीं. ज्यांच्या घरीं वातानुकूलन यंत्र आहे त्यांनीं तें २४ अंशांवर ठेवून जोडीस पंखा लावावा. १ जानेवारी २०२० पासून अशीं यंत्रें सुरू होतांना आपोआप २४ अंशांवरच यावीं असा नियम आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाप्रमाणें एक अंश वर ठेविल्यानें सुमारें शेंकडा सहा वीज वांचते.

आतां पाणी तापविण्याकडे येऊं. एक बादली, म्हणजे पंधरा लिटर पाणी, वीस अंशांनीं तापविण्यास सुमारें एक तृतीयांश युनिट लागतें. पांच माणसांच्या घरीं हा खर्च दिवसास पावणेदोन युनिटें, महिन्यास पन्नासाहून अधिक होतो. ही वीज येते कोठून ? महाराष्ट्रांतील बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या ठिकाणीं कोळसा जाळून होते. एका युनिटास अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. कोळशाच्या उष्णतेंतील सुमारें तिसरा हिस्साच विजेंत उतरतो. बाकीचा धुराड्यांतून व गरम पाण्यावाटे जातो. म्हणजे आपण प्रथम उष्णतेची वीज करितों, तिच्यासाठीं दोन हिस्से उष्णता गमावितों, आणि घरीं आणून तिची पुन्हा उष्णता करितों. नाशिकच्या माणसानें पुण्यास जाण्यासाठीं नागपूरची गाडी धरावी तसा हा द्राविडी प्राणायाम आहे. याउलट, आपल्या देशीं सूर्य वर्षांतील बहुतेक दिवस फुकट तापत असतो. कांचेखालीं काळ्या नळ्या बसविलेला सौर बंब १०० लिटर पाणी तीस अंशांनीं तापवितो तेव्हां सुमारें साडेतीन युनिटांचें काम करितो. ज्यांस तो परवडत नाहीं त्यांनीं निदान गीझर लागेल तेवढाच वेळ चालूं ठेवावा, व उन्हाळ्यांत काळी टांकी किंवा हंडा उन्हांत ठेवून पाहावा.

स्वयंपाकघरांतील एक नियम प्रत्येक घरीं लिहून लावण्यासारखा आहे. पाणी एकदां उकळूं लागलें म्हणजे खालचा जाळ कितीही वाढविला तरी उघड्या भांड्यांत तें सुमारें १०० अंशांपलीकडे तापत नाहीं. मोठ्या आंचेनें डाळ लवकर शिजत नाहीं. केवळ वाफ अधिक होते. आणि वाफ करणें फार महाग आहे : एक लिटर साधें पाणी उकळीस आणण्यास जितकी उष्णता लागते, त्याच्या सुमारें सातपट तेंच पाणी आटवून टाकण्यास लागते. म्हणून उकळी आली कीं आंच मंद करावी व झांकण ठेवावें. डाळ, कडधान्यें आधीं भिजत घालावीं. कुकरमध्यें दाबामुळें पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें, म्हणून अन्न लवकर शिजतें. याहून जुनी युक्ति गवताच्या पेटीची : उकळी आलेलें भांडें झांकणासह गवत किंवा गोधडी भरलेल्या पेटींत पुरून ठेवावें, आंतल्याच उष्णतेवर भात शिजतो.

हा विचार करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत बेंजामिन टॉम्सन, म्हणजे काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४), यांचें नांव मोठें आहे. जन्म अमेरिकेंतला, परंतु बव्हेरियाच्या इलेक्टरच्या चाकरींत म्यूनिक येथें असतांना त्यांनीं गोरगरिबांस अन्न पुरविण्याचें काम अंगावर घेतलें. तेथें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, उघड्या जाळाची बहुतेक उष्णता भांड्यास न लागतां खोलींत व धुराड्यांत जाते. त्यांनीं विस्तव विटांच्या बंदिस्त चुलींत कोंडला आणि थोड्या लांकडांत शेंकडों लोकांचें अन्न शिजविलें. याच गृहस्थांनीं १७९८ साली तोफा कोरतांना निघणाऱ्या उष्णतेवरून, उष्णता ही वस्तु नसून गति आहे, असें प्रतिपादन केलें. एकाच माणसाची बुद्धि गरिबाच्या चुलीपाशीं व पदार्थविज्ञानाच्या मुळापाशीं सारख्याच आदरानें बसली, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

आपल्या खेड्यांतील तीन दगडांच्या उघड्या चुलींत शंभरांतील दहापंधरा भाग उष्णताच भांड्यास पोंचते. बाकीची वाया जाते. आणि अर्धवट जळलेल्या लांकडाचा धूर आईच्या डोळ्यांत व छातींत जातो. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरीं गॅस पोंचला आहे. तरी सिलिंडर महाग पडतो म्हणून चूल अजून विझलेली नाहीं. अशा घरीं बंदिस्त, धुराडें असलेली सुधारलेली चूल बसविणें ही केवळ लांकडाची नव्हे, तर आईच्या श्वासाची बचत आहे.

दिव्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. तारेच्या जुन्या दिव्यांत शंभरांतील पांच भागांच्या आसपासच प्रकाश होतो. बाकीची सर्व उष्णता. साठ वॉटच्या त्या दिव्याचें काम नऊ वॉटचा एलईडी दिवा करितो. रोज पांच तास लाविल्यास महिन्यास पहिल्यास ९ युनिटें व दुसऱ्यास सुमारें १.३५ युनिटें लागतात. ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या उजाला योजनेमुळें हे दिवे स्वस्त झाले व घरोघरीं पोंचले. दूरचित्रवाणीच्या पेटीसारखीं कांहीं उपकरणें मात्र बंद केल्यासारखीं दिसूनही आंतून जागीं असतात. दहा वॉट खाणारी पेटी चोवीस तास जागी राहिली तर महिन्यास ७.२ युनिटें होतात. रात्रीं भिंतीवरचेंच बटण बंद करावें. नवें उपकरण घेतांना त्यावरील तारे पाहावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना २००२ साली झाली, व २००६ पासून हे तारे देण्याची पद्धति पडली. तारे जितके अधिक, तितका विजेचा खर्च कमी.

ज्यांस नवें घर बांधावयाचें आहे त्यांनीं लॉरी बेकर यांचें काम पाहावें. बेकर यांचा जन्म १९१७ साली इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें झाला. १९४५ साली ते कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या मिशनचे स्थापत्यकार म्हणून हिंदुस्थानांत आले, आणि २००७ साली तिरुअनंतपुरम् येथें वारले. विटा उभ्या आडव्या रचून भिंतींत पोकळी ठेवण्याची पद्धति त्यांनीं लोकप्रिय केली. तिच्यांत सुमारें एक चतुर्थांश विटा वांचतात, व पोकळींतील हवा उष्णतेस अडविते. स्लॅबच्या खालच्या भागांत ते मंगळुरी कौलें बसवीत. तेवढें काँक्रीट वांचे. विटांच्या जाळ्यांतून वारा व प्रकाश आंत येई. १९९० साली सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. घर थंड ठेवण्यास पैसा अधिक लागतो असें नाहीं. विचार अधिक लागतो, हें त्यांनीं आयुष्यभर बांधून दाखविलें.

आतां पालकांस एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. वर सांगितलेलें सर्व एकदम करण्याचें कारण नाहीं. प्रथम ज्यास पैसाच लागत नाहीं तें करावें : मीटर मोजणें, खिडक्यांच्या वेळा पाळणें, मंद आंच, झांकण, भिंतीवरचें बटण. मग थोड्या पैशांचें : फ्रिजचें रबर, चुना, तट्टे, एलईडी दिवे. शेवटीं मोठ्या खर्चाचें : नवा पंखा, सौर बंब. पहिल्या दोहोंतून जें वांचेल त्यांतूनच तिसरें करावें. घरगुती विजेच्या दरांत पहिल्या १०० युनिटांचा दर कमी व पुढच्यांचा अधिक असतो. म्हणून शेवटची युनिटें जीं वांचतात तींच सर्वांत महाग असतात. आणि एक नियम कधींही मोडूं नये : मुलाचा अभ्यासाचा दिवा, म्हाताऱ्या माणसाचा पंखा, आजाऱ्याचें गरम पाणी यांवर काटकसरीचा हात सर्वांच्या शेवटीं जावा, शक्य तर जाऊंच नये.

त्या घरीं पुढें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करितों. मुलीच्या वडिलांनीं दुसऱ्याच आठवड्यांत फ्रिजचें रबर बदलून घेतलें व तो पुढें ओढला. आतां तो मधून मधून विसावूं लागला आहे. मामांच्या मदतीनें पत्र्यांवर चुन्याचे दोन हात मारिले. घर महाबळेश्वर झालें नाहीं. पण रात्रीं दहा वाजतां बंद होणारा पंखा सकाळपर्यंत फिरूं लागला, आणि ती मुलगी पहिल्या तासाला जागी राहूं लागली.

आमच्याकडून एक देणें राहिलें होतें. ज्या वर्गादेखत आम्हीं तिला उभें केलें होतें, त्याच वर्गासमोर आम्हीं आपली चूक सांगितली, आणि मीटर कसा मोजावा तें फळ्यावर लिहून दाखविण्यास तिलाच पुढें बोलाविलें. तिनें ४ × ६० ÷ ३२०० हें गणित शांतपणें मांडलें व उत्तराखालीं रेघ ओढली. त्या दिवशीं घरीं जाऊन वर्गांतील पुष्कळ मुलांनीं आपापल्या मीटरसमोर उभें राहून दिव्याचें लुकलुकणें मोजलें. हा अंक हातीं पडल्यावर आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें तेंच करावें, अशी आमची विनंती आहे. प्रथम मोजा, मग कापा. म्हणजे दळणाऱ्याच्या वाट्याची भाकरी दळणाऱ्याच्याच ताटांत राहील.